चौकटीवरची पाण्याची रेघ

एम.एस्सी. करून पनवेलला आले तेव्हा मला डोंगर अभ्यासायचे होते. नोकरी मिळाली ती पाण्याच्या रेघा मोजण्याची. वडिलांची बदली झाल्यामुळे आम्ही पुण्याहून नव्या पनवेलमध्ये राहायला आलो होतो आणि मी एका लहानशा सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले होते. गाढी नदीच्या काठावरील एका गावात कोणत्या घराला पुराचा किती धोका आहे, याचा नकाशा एका विमा कंपनीला हवा होता. काम कोरडे होते, पण ते माझ्या नावावर होणार होते, आणि त्या वयात मला तेवढे पुरेसे वाटत असे.

मोठ्या पुराला तेव्हा काही वर्षे होऊन गेली होती. पाणी ओसरल्यावर त्याची खूण बहुतेकांनी घराघरांत जपून ठेवली होती: कुठे भिंतीवर गाळाचा पट्टा, कुठे खिळ्याने ओढलेली रेघ. प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची आणि सर्व आकडे एकत्र मांडायचे, अशी पद्धत. पूर संथ पसरला असेल तर या खुणा जवळजवळ एकाच पातळीत याव्यात, नदीच्या उताराइतक्याच झुकलेल्या. तशा त्या आल्याही. अपवाद एकाच घराचा होता: तिथली रेघ बाकीच्यांपेक्षा बरीच वर येत होती.

ते घर आखातातून परतलेल्या एका कोकणी मुसलमान गृहस्थांचे होते. गाव त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. अर्धे आयुष्य वाळवंटात वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करून ते परतले होते आणि घराच्या पुढल्या खोलीत त्यांनी पिठाची गिरणी टाकली होती. विमा कंपनीच्या आधीच्या पाहणीत त्यांचे घर सर्वांत धोक्याच्या श्रेणीत गेले होते, आणि गिरणीला पुराचे संरक्षण नाकारले गेले होते. त्यांच्या पत्नीने, चाचींनी, मला हे चहा देतादेताच सांगितले.

"सगळी कमाई त्या दगडात घातली यांनी. विमा नाही मिळाला तर गिरणी विकायची आणि पुन्हा विमानात बसायचं, असं ठरलंय. शेठचा फोन येतोच आहे तिकडून."

"ठरलंय म्हणे! कुणी ठरवलं?" चाचा गिरणीच्या पट्ट्यावरून मान वर न करता म्हणाले.

"मी ठरवलं. तुम्ही फक्त बसायचंय विमानात."

दोघेही हसले, पण चाचींचे हसणे लवकर थांबले. इतक्या वर्षांनंतर घरात आलेला माणूस पुन्हा जाणार की राहणार, हा प्रश्न माझ्या नकाशावरच्या एका ठिपक्याला येऊन टेकला होता. तो ठिपका मला अस्वस्थ करत होता.

आमच्या साहेबांना तो अस्वस्थ करत नव्हता. "एखादा बिंदू चुकतोच. काढून टाका," ते म्हणाले. बिंदू काढला असता तर माझा नकाशा सुबक झाला असता. चाचांची श्रेणी मात्र जुन्या पाहणीप्रमाणेच राहिली असती. शिवाय, कारण न कळता एखादे निरीक्षण टाकून देणे म्हणजे काय, हे मला प्रयोगशाळेत पुरेसे शिकवले गेले होते. मी पुन्हा गावात गेले.

यंत्र अंगणात मांडत असताना शेजारच्या आगरी आजी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाय, परत आलाव? ती रेघ काय हालली का?"

"नाही हलली, आजी. म्हणूनच आले."

"आवं, आमच्या घरान पानी गुडघ्यावर व्हतं. आन यांची रेघ बघा, माझ्या खांद्याला लागंल. पानी काय यांच्याकडं जिना चढून गेलं? सरकारी मदत वाढवून मिलावी म्हणून वर वढली असंल."

"ए मावशी, ऐकू येतंय मला!" चाचा आतून ओरडले.

"ऐकू यावं म्हनूनच बोलतंय मी!"

हा विनोद होता, पण त्यात थोडा संशयही होता, आणि खरे सांगायचे तर तोच संशय माझ्याही मनात येऊन गेला होता. मी चाचांसमोर उभी राहिले आणि सरळ विचारले.

"पूर आला तेव्हा हीच चौकट होती?"

त्यांनी हातावरचे पीठ झटकले. "हीच. अब्बांनी लावलेली, अस्सल सागवान. पाणी उतरल्यावर मी सुट्टीवर आलो होतो. चिखल ओला होता तेव्हाच छिन्नीनं रेघ ओढली. खुदाकसम, बोटभरही इकडे-तिकडे नाही."

ते खोटे बोलत नव्हते. मी रेघेवर बोट ठेवले; ती गुडघ्याच्या जरा वर होती, आणि तिच्याखालचे लाकूड वरच्या लाकडापेक्षा काळपट होते. रेघ खरी होती. मग पातळी खोटी कशी? मी मागे सरकले आणि उतरताना पाय चुकून पायरीवर अडखळले.

"या पायऱ्या तेव्हाही होत्या?"

"पायऱ्या?" चाची म्हणाल्या. "तेव्हा तर अंगणातल्या कोंबड्या सरळ उंबऱ्यावरून आत यायच्या. पुरानंतर जुनं घर पाडलं, जोतं उंच घेतलं. यांना तिकडच्यासारखा चकचकीत दरवाजा पाहिजे होता. सासूबाई म्हणाल्या, घर कितीही नवं बांधा, चौकट माझ्या दारचीच बसेल."

म्हणजे घरासोबत रेघही वर चढली होती. या भागात जुने घर पाडले तरी मुख्य दाराची चौकट सहसा टाकून देत नाहीत. ती नव्या घरात बसवतात. विमा कंपनीच्या, मुंबईहून आलेल्या पहिल्या तपासनिसाने पाणी कुठवर आले होते असे विचारले, चाचांनी इमानदारीने रेघ दाखवली, आणि त्याने ती नव्या जोत्यावरून मोजली. कोणीही खोटे बोलले नव्हते.

परसातल्या विहिरीचा कठडा जुना होता आणि जुन्या घराची जमीन त्याच्या बुडाशी समतल होती, हे आजींनी कुंपणापलीकडूनच शपथेवर सांगितले. उंबऱ्यापासून रेघेपर्यंतचे अंतर तिथून वर धरून पुन्हा मोजले. ठिपका इतर ठिपक्यांच्या ओळीत जाऊन बसला. तो मोठा पूर पुन्हा तेवढाच आला, तर पाणी चाचांच्या उंबऱ्याच्या खालीच थांबेल.

अहवालात मी आणखी एक परिच्छेद जोडला होता. गावाच्या वरच्या बाजूची भातशेते नव्या इमारतींसाठी मुरूम टाकून भरली जात होती. मागच्या पुरात जे पाणी त्या शेतांत पसरले, ते पुढच्या वेळी कुठे जाईल? साहेबांनी तो परिच्छेद खोडला. "आपल्याला झालेला पूर विचारलाय, होणारा नाही." नियमानुसार त्यांचे बरोबर होते. मी वाद घातला आणि हरले.

विमा मंजूर झाला. चाचींनी मला मुद्दाम बोलावून घेतले आणि ताटात शेवया वाढता वाढता म्हणाल्या, "शेठला फोनवर सांगितलं, आता दुसरा कारागीर शोधा." त्यांचा आनंद पाहून मला बरे वाटायला हवे होते. पण खिडकीतून डंपर दिसत होते, एकामागून एक, मुरूम ओतून रिकामे परतणारे, आणि माझे जेवणात लक्ष नव्हते. माझ्या आकड्यामुळे हा माणूस राहिला होता. तो आकडा मागच्या पुराचा होता.

जेवणानंतर चाचा छिन्नी घेऊन आले. "बेटी, खरी जागा दाखव. तिथं रेघ मारतो."

मी वरून दुसरी पायरी दाखवली. त्यांनी काळजीपूर्वक दगडावर खूण कोरली. मग चौकटीवरच्या जुन्या रेघेवर अंगठा फिरवत विचारले, "आणि ही? रंधा मारून काढू? खोटी ठरली ना?"

"नको," मी जरा घाईनेच म्हणाले. "असू द्या."

"का?"

मी डंपरांकडे पाहिले. त्यांनीही माझ्या नजरेमागोमाग तिकडे पाहिले. मग त्यांनी छिन्नी खिशात टाकली आणि गिरणीच्या खोलीत डोकावत, जणू दुसऱ्याच विषयावर बोलत असल्यासारखे विचारले,

"मग मोटर किती वर घेऊ?"

"त्या जुन्या रेघेच्या वर," मी म्हणाले.