ज्याला खाजत नव्हतं तो

सिमेंटच्या गोदामात आम्ही त्याला गेंडा म्हणायचो. पोत्याखाली त्याची मान कधी वाकली नाही. हात तर घट्ट्यांनी असे जाड, की नवा माणूस कुरकुरला की मी त्याला ते दाखवायचो. काम केलं की हात असे होतात, म्हणायचो.

धुळीने छाती धरली तेव्हा त्याने काम सोडलं. श्वासासाठी जालीम गोळ्या सुरू झाल्या. हातांवरचे थर मात्र आणखी जाड झाले. काम सुटल्यावर घट्टे वाढतात कसे, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मग त्याच्या दोन खोल्यांत खाज शिरली. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, कपडे वाळत घालताना मध्येच थांबून मनगटं ओरबाडायची, मुलगी कंबर. गेंडा मजेत. त्यांचा म्हातारा कुत्रा भुऱ्या याच्या डोळ्यांभोवतीचे केस गळाले होते, त्यामुळे गुन्हेगार लगेच ठरला. भुऱ्याला देऊन टाकायचं म्हणून वहिनीने खाणीवरच्या रखवालदाराशी बोलून ठेवलं आणि भुऱ्याचं भांडं पिशवीत भरून दाराशी ठेवलं.

गेंडा भुऱ्याला पोत्यासारखा खांद्यावर घेऊन माझ्याकडे आला. आम्ही गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कातडी खरवडून भिंगाखाली पाहिली. किडे होते, पण केसांच्या मुळाशी राहणारे. बहुतेक कुत्र्यांत ते असतातच, म्हातारपणी अंगातली ताकद कमी पडली की माजतात. माणसाला लागत नाहीत. घरच्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या, म्हणाला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला आणि मुलीला तपासलं. खरूज निघाली. गेंडा नुसता सोबत आला होता. औषधाची चिठ्ठी घ्यायला त्याने हात पुढे केला आणि बाईंनी तो धरूनच ठेवला.

“हे काय?”

“कामाचे घट्टे.”

“बोटांच्या बेचक्यात?”

खरवडून पाहिलं. त्या थरांत किडे हजारोंनी होते.

“पण यांना तर खाजतच नाही,” वहिनी म्हणाली.

बाईंनी समजावलं. किडा शिरला की शरीर त्याला ओळखतं आणि त्याच्याशी भांडतं. खाज येते ती त्या भांडणामुळे. वहिनीच्या अंगात दहाबारा किडे असतील, पण शरीर भांडत होतं. गेंड्याच्या गोळ्यांनी ते भांडणच दाबून टाकलं होतं.

परतताना तो म्हणाला, “म्हणजे या दोघी खाजवतात म्हणून धडधाकट, आणि मला काही होत नाही म्हणून मी आजारी?”

ते हात मी किती जणांना दाखवले होते.

सगळ्यांनी एकाच दिवशी अंगभर मलम लावलं. गेंड्याचे थर भिजवून, घासून काढावे लागले. छातीच्या डॉक्टरने गोळ्या हळूहळू कमी केल्या. तरी वहिनीची खाज थांबेना. मेलेल्या किड्यांवरही शरीर काही आठवडे भांडतं, हे बाईंनी सांगितलं होतं. वहिनीला ते पटत नव्हतं. पिशवी दाराशीच राहिली.

एका सकाळी गेंडा पायरीवर बसून मनगट खाजवत होता. वहिनी घाबरली. बाईंनी पुन्हा खरवडून पाहिलं. किडा एकही नव्हता. त्याचं शरीर आता कुठे भांडायला लागलं होतं.

“हे चांगलं की वाईट, तेच कळत नाही मला,” तो म्हणाला.

“मलाही नाही,” वहिनी म्हणाली. तिने पिशवीतून भांडं काढलं, विसळलं आणि पाणी भरून भुऱ्यापुढे ठेवलं.