लाल कौलाचा तुकडा

मीनलचा फोन आला तेव्हा तो तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात होता. दुसऱ्या दिवशी रविवार, या रविवारी नक्की द्यायचा म्हणून सकाळीच कपाटातून काढला होता. "काका, आई गेली..." एवढंच ती बोलली. हुडकेश्वरला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला माझा हात खिशाकडे जात होता. कुसुमवहिनी गेल्या आणि त्यांची वस्तू माझ्याकडे राहिली. आज दीड महिना झाला, हात अजून तिकडे जातोच.

वहिनी भिवापूरच्या, तिखट मिरचीच्या गावच्या. दादा गेल्यावर त्यांनी स्वतःला एका जगावेगळ्या नादात गुंतवून घेतलं. कॉलनीत कुणाच्या जिगसॉ पझलचा तुकडा हरवला की तो डबा वहिनींकडे यायचा. रद्दीवालाही आठवणीनं आणून द्यायचा. त्या तुकड्यांच्या फोटोफ्रेमी व्हायच्या, दोन थर चिकटवून कपाखालच्या चकत्या व्हायच्या, हिरवे रंगवले की वेलीची पानं. लाल रंगवून त्यांनी चक्क मिरच्यांचं तोरण केलं होतं. "भिवापूरची मिरची आता नुसती दिसायलाच," असं मी चिडवलं, तर पुढच्या रविवारी माझ्या वाटीतल्या रश्शानं डोळ्यांतून पाणी काढलं. पण त्यांचा एक नियम होता. आलेलं पझल आधी सगळं जुळवून बघायचं. खरंच तुकडा कमी असेल तरच रंगाला हात लावायचा, पूर्ण भरलं तर बालवाडीत द्यायचं. "धडधाकट चित्र काहून तोडाचं?" म्हणायच्या.

मला एवढा धीर नाही. मी एका जागी दहा मिनिटं बसत नाही. माझं काम एकच, दर पझलचा एक तुकडा गुपचूप खिशात घालायचा आणि शेवटची जागा उरली की ऐटीत तो बसवून 'चित्र मी पूर्ण केलं' म्हणायचं. दीर-वहिनीत एवढी थट्टा चालायचीच. त्या चष्म्यावरून बघायच्या. "भाऊजी, सतावून राहिले न मले? काढा खिशातून."

त्या आजारी पडल्या तेव्हा मीच त्यांच्यासाठी नवंकोरं पझल आणलं. डोंगरातलं गाव, लाल कौलांची घरं. सवयीनं एक तुकडा उचलला आणि विसरलो. पँट कपाटात गेली, मी महिनाभर लेकाकडे पुण्याला गेलो. तिथं वहिनींचा फोन. "भाऊजी, एक कमी आहे जी. तुमच्यापाशी तं नाही?" मी ठासून सांगितलं, "या वेळी नाही हो. तुमच्याच हातून पडला असेल." मला खरंच तसं वाटत होतं... परत आल्यावर त्याच पँटच्या खिशात तो सापडला. तोवर तिकडे सोफा उलटा करून झाला होता, केर चाळून झाला होता. मला लाज वाटली. रविवारी देऊ, म्हटलं. रविवार आला की पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले ते आता सांगवत नाही. वहिनी चहा पुढे करायच्या, जरा वेळ माझ्याकडे बघायच्या... आणि दुसरंच काही बोलायच्या.

तेरावं झाल्यावर मी मीनलला सगळं सांगून टाकलं. ती उठली आणि दिवाणाखालून एक फळी ओढून घेऊन आली. नियमाप्रमाणे ते पझल केव्हाच रंगात गेलं असेल, असं मी धरून चाललो होतो. फळीवर ते अख्खं होतं. हरवलेल्या जागी वहिनींनी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा कापून बसवला होता, कौल मीनलच्या नेलपॉलिशनं रंगवलं होतं. त्या तुकड्याला मधोमध दोऱ्याचं बारीक कडं होतं.

"हा दोरा कशाला गं?"

"भाऊजी खरा आणून देतीन तवा हा काढाले सोपं जाईन, म्हणे आई." मीनल फळीकडेच बघत होती. "तुम्ही आले की फळी दिवाणाखाली सरकवाले लावे. त्यायले लाज वाटून राहिली, आपण नाही दाखवाचं, म्हणे."

फळी आता बाहेरच्या खोलीत टेबलावर असते. रविवारी मी जातो. मीनल चहा ठेवते. मी दोरा धरून वहिनींचा तुकडा उचलतो, माझा बसवतो. तो नीट बसतो, फट दिसत नाही. तरी चैन पडत नाही. चहा निवायच्या आत मी तो काढतो, त्यांचाच परत जागेवर ठेवतो आणि माझा खिशात घालून घरी येतो.