राणी सुनेला आणायला जाते

त्या इंग्रजी मालिकेचा शेवटचा सीझन मी आईला खोटा सांगितला. एवढं माझ्या बायकोला माहीत आहे. का सांगितला, हे मात्र तिलाही माहीत नाही. ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकतो: आमच्या कनिष्ठेचं नाक माझ्या हातून फुटलं.

कनिष्ठा म्हणजे धाकटी महालक्ष्मी. भाद्रपदात आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बसतात. त्यांचे रंगवलेले मातीचे मुखवटे आमच्या पणजीच्या वेळचे. अमरावतीहून नागपूर आणि तिथून जबलपूर, असा त्यांचा प्रवास एका लोखंडी ट्रंकेतून झालेला. वर्षभर ते जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर असतात. एका उन्हाळ्यात कूलर काढायला मी माळ्यावर चढलो. मध्ये ट्रंक येत होती, ती जोरात ओढली, तर आत टक् असा आवाज झाला. उघडून पाहिलं तर कनिष्ठेच्या नाकाचा शेंडा, नथ अडकवतात नेमका तेवढा, निखळलेला. मी तो तुकडा लुगड्याच्या घडीत ठेवला, ट्रंक लावली आणि खाली येऊन कूलरमध्ये पाणी भरलं. मी कमी बोलणारा माणूस आहे, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो गुण मला फार सोयीचा पडला.

भाद्रपदात ट्रंक सगळ्यांसमोर उघडली. आदल्या वर्षी मुखवटे वहिनीने बांधून ठेवले होते. थोरल्या सुनेचंच ते काम. त्यामुळे आईला विचार करायची गरजच पडली नाही.

"लक्ष असन तर ना! हिचा सारा जीव त्या कोचिंगच्या पोट्ट्यांत."

वहिनी नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. ती एवढंच म्हणाली, "आई, मी नीट बांधले होते." दादा काहीतरी पुटपुटला. मी केळीचे खांब बांधत होतो. सुतळीची गाठ मी जरा जास्तच वेळ मारली. सण झाला, आणि दिवाळीच्या आत दादा-वहिनी नेपियर टाउनला भाड्याच्या घरात राहायला गेले. क्लास जवळ पडतो, हे कारण सांगायला होतं. पुढच्या महालक्ष्म्यांना दादा एकटा आला, जेवला, डबा घेऊन गेला.

आता मालिकेचं. परदेशातल्या कुठल्याशा राजघराण्याची ती कथा. हिंदी आवाज तिला नव्हता, आणि खालच्या इंग्रजी ओळी आईच्या कामाच्या नव्हत्या. पण एकदा तिने राणीचा मुकुट पाहिला आणि ती हटेना. "वजन पाय केवढं! मान नसन का दुखत बाईची?" तेव्हापासून मी रिछाईच्या कारखान्यातून घरी आलो, चहा झाला, की आम्ही दोघं बसायचो आणि मी आमच्या मराठीत सांगत जायचो. एरवी महिन्याभरात मी बोलत नसेन तेवढं त्या तासाभरात बोलायचो. आईने सगळ्यांना नात्यांनी बांधून टाकलं होतं. राणी म्हणजे सासू, राजपुत्र म्हणजे मोठा, आणि राजवाडा सोडून गेलेली ती मोठी सून.

"एवढे नोकरचाकर, अन् पोटभर कोणी जेवत नाही," ती म्हणायची. "बटाटा कापतात अन् बोलत बसतात."

शेवटचा सीझन आला तो त्याच्याही पुढच्या वर्षी, नेमका महालक्ष्म्यांच्या तोंडावर. मी तो आधी एकटाच पाहून घेतला होता. त्यात काही म्हणता काही होत नाही. सून परत येत नाही. राणी तिचं नावही काढत नाही. शेवटच्या भागात राणी आपल्या बहिणीच्या मयतीला जाते आणि संपतं. मला ते आईला सांगायचं जिवावर आलं. आईचं मन वहिनीकडे वळतंय, ते मला दिसत होतं. ट्रंक अजून माळ्यावरच होती. "काढू उद्या" म्हणत ती रोज टाळत होती.

पहिल्याच भागात राणी खिडकीशी उभी राहते, बराच वेळ, एक शब्द न बोलता. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती म्हणते, चूक माझी झाली. पोरीला उगीच बोलली मी."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तोंड तर बंद आहे तिचं."

"मनात म्हणून राहिली."

"अन् तुला कसं ऐकू आलं?"

"खाली लिहून येतं ना, आई."

माझी बायको कोपऱ्यात महालक्ष्म्यांच्या वाती वळत बसली होती. तिला इंग्रजी चांगलं येतं. तिचा हात थांबला, मग तिने पुढची वात घेतली.

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. पंतप्रधान राणीशी खर्चाबद्दल बोलला. मी त्याला सुनेची बाजू घ्यायला लावली. राणीच्या नवऱ्याने घोड्यांची चौकशी केली; मी सांगितलं, तो म्हणतो, घर खायला उठलंय. शेवटच्या भागात राणी काळे कपडे घालून गाडीत बसली.

"निघाली सुनेला आणायला," मी म्हणालो.

"काळे कपडे घालून?"

"तिकडे तशीच रीत आहे."

"काय रीत बापा!" आईने पदर सावरला. "कुंकू तरी घेतलं का सोबत?"

मग चर्च, गर्दी. सून त्या भागात नव्हतीच. मी मागच्या रांगेतल्या एका टोपीवाल्या बाईकडे बोट दाखवलं. "ती पाय. आली."

आई पडद्याजवळ सरकली, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "किती बारीक झाली!" तिचे डोळे भरले होते.

स्वयंपाकघरात बायकोने मला गाठलं. "राणी मयतीला चालली होती, अन् तुम्ही तिला सुनेकडे पाठवलं?"

"जाऊ दे ना."

"मी कुठे अडवून राहिली? फक्त एवढं सांगा, मयत कोणाची होती हे आईंना कळलं तर काय कराल?"

मी हसलो. तीही हसली. नाकाचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई नवी साडी नेसून दारात उभी. "ऑटो आण. त्या बाईला राज्य सांभाळून जाता येते, मला काय धाड भरली?"

क्लास एका दवाखान्याच्या वर होता. जिना चढताना ऑटोवाला खालून ओरडला, "अम्मा जी, आराम से!" आई आराम करण्याच्या मनःस्थितीत नव्हती. वहिनी फळ्यावर वर्तुळ काढत होती. आई थेट आत गेली आणि पोरांच्या बाकावर बसली. "चालू दे, चालू दे. मी बसते."

वहिनीने तसंच शिकवलं. आईने संपूर्ण तास वर्तुळाची स्पर्शिका ऐकली, मध्ये मध्ये मानही डोलावली. शेजारच्या पोराने विचारलं, "दादी, समझ में आया?" आई म्हणाली, "तेरे से ज़्यादा!"

पोरं गेल्यावर आईने बटव्यातून कुंकवाची डबी काढली. "चल घरी. मातीचं नाक फुटलं, त्याच्यावरून मी काय काय बोलली तुला."

"आई," वहिनी हळूच म्हणाली, "माझ्या हातून नव्हतं फुटलं ते."

"फुटलं तर फुटलं व बाई! मी माफ केलं, विसरून जा."

मी दाराशी आईची पिशवी धरून उभा होतो. बोलायची जागा तीच होती. वहिनीने क्षणभर आईकडे पाहिलं, मग हसून कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. हातावरचा खडू झटकत म्हणाली, "चला. सोळा भाज्या चिरायला कोण आहे तिकडे?"

त्या वर्षी महालक्ष्म्या दणक्यात झाल्या. तुटलेला शेंडा आईने स्वतः चिकटवला, दादाने रंग दिला. नाक थोडं जाड झालं. "आता खरी आपल्या घरची दिसते," आई म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. सुपात मुखवटा घेऊन वहिनी उंबऱ्यावर थांबली. आईने आतून रीतीप्रमाणे विचारलं, "कशाच्या पावलांनी आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलांनी आली," वहिनी म्हणाली आणि आत आली.

आई आता बरीच थकली आहे, पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तो शेवट अजून रंगवून सांगते. एकदा कुणाच्या तरी सुनेने अडवलं, "काकू, तसं नाही दाखवलं त्यात." आई म्हणाली, "तू नीट पाहिली नसन. मागच्या रांगेत होती ती."

आईला त्या मालिकेचा खरा शेवट सांगायचा राहिला आहे. तो एक वेळ राहिला तरी चालेल. वहिनीचं तसं नाही. न केलेल्या चुकीची माफी घेऊन ती आमच्या घरात आली, आणि ती माफी माझ्या वाट्याची होती. नाक मी फोडलं, हे आईच्या देखत वहिनीला सांगायचं देणं मी अजून लागतो.