चार पाय

ताज्या पॉलिशचा वास आला की पनवेलच्या फर्निचरच्या दुकानातली ती दुपार आठवते. निवृत्तीनंतर मी तिथे जपानी पद्धतीचा, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीचा पलंग आणि त्यावरची पातळ गादी पसंत केली. पत्नी काठावर बसून पाहत होती; उठताना तिने माझा हात मागितला आणि म्हणाली, "अहो, माझे गुडघे." मी दुकानदाराशी लाकडाच्या प्रतीबद्दल वाद घालत होतो. पलंग घरी आला आणि आठवड्याभरात तिला सकाळी उठणे अशक्य झाले, तेव्हा संतापून मी दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने तीन पानी नोटीस धाडली. चौथ्या दिवशी तो स्वतः सुतार आणि चार लाकडी पाय घेऊन दारात उभा राहिला. "काका, हे मी त्याच दिवशी बनवायला टाकले होते. काकूंना उठताना बघितलं ना मी," असे म्हणत त्याने नोटीस टेबलावर ठेवली. पत्नीने ती उचलून वाचली : "'उंचीच्या गैरसोयीची पूर्वकल्पना आम्हांस कोणीही दिली नाही.'" मग माझ्याकडे पाहून तिने शांतपणे विचारले, "कोणीही?" सुतार पलंगाला पाय ठोकू लागला, मी वाकून त्याला पलंगाचा कोपरा उचलून धरला. आजवर मी शेकडो पत्रे लिहिली, पण ती नोटीस मागे घेतल्याचे पत्र अजून लिहिलेले नाही.