पाचवं बटण

९ फेब्रुवारी. मुलं अकरा, सांभाळणारी एक.

कपड्यांच्या कारखान्यात गोदामाच्या पलीकडची खोली म्हणजे पाळणाघर. अकराही मुलांच्या आया वरच्या मजल्यावर शिवतात. खोली सांभाळणाऱ्या ताईंना तिथे एकोणीस वर्षं झाली होती. बालसंगोपनावरचं एकही पुस्तक त्यांनी उघडलेलं नव्हतं. त्यांचा नियम मात्र कडक होता: तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं बटण दुसऱ्या कोणी लावायचं नाही.

त्या हिवाळ्यात खोलीत मुंगी होती. वय साडेतीन, चाल धिमी, पण धरलेलं सोडायची नाही, म्हणून ताईंनी दिलेलं हे नाव. तिच्या कोटाला पाच बटणं. नोव्हेंबरात एक जमलं, जानेवारी संपताना चार. साडेचारला बसली की पाचपर्यंत चौथं लागे, आणि नेमकी तेव्हाच सुटीची शिट्टी होई.

मुंगीची आई काजाच्या मशीनवर होती. दिवसाला नऊशे काजं. कंपनीची बस पाच-दहाला सुटे.

"थांब गं, पाचवं तेवढं राहिलंय," ताई म्हणत.

"ताई, दिवसभर काजंच बघते मी. सुटल्यावरही काजंच बघत उभी राहू?" असं म्हणत आई वाकून एका झटक्यात बटण लावी.

मुंगी ते काढी. मग उरलेली चारही काढी आणि पहिल्यापासून सुरू करी.

"घ्या! बस हिच्या आजोबांची आहे ना, थांबेल!" आई वैतागे.

बस थांबली नाही. दोनदा चुकल्यावर चार आयांनी व्यवस्थापकांकडे तक्रार केली. त्यांत मुंगीची आईही होती. "कोटाचं काय घेऊन बसलात? अक्षरं शिकवा म्हणावं," ती तिथे म्हणाली. "पोरीनं माझ्यासारखं मशीनवर बसू नये, एवढंच मागते." मुलं पावणेपाचला तयार हवीत, असा हुकूम निघाला. ताईंनी वाद घातला नाही. चारलाच कोट वाटले. मुंगीला प्रथमच पुरेसा वेळ मिळणार होता.

तो दिवस ९ फेब्रुवारी. साडेचारला तपासणीच्या अधिकारी बाई आल्या.

"ही मुलं काय करताहेत?"

"बटणं लावताहेत."

"अर्धा तास? अक्षरं किती ओळखतात?"

"अक्षरं कुठे पळून जातात, बाई? आधी स्वतःचा कोट तर येऊ दे. ही बघा, चौथं लागलं. सहा मिनिटं द्या हिला."

"मला अजून दोन कारखाने गाठायचेत." अहवालासाठी फोटो हवा होता. बाई खाली बसल्या आणि त्यांनी मायेनं, मुंगीच्या गालाला हात लावून, पाचवं बटण लावलं. मुंगी ते काढायला गेली तेव्हा तिचे हात धरून फोटो काढला गेला.

या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या तक्त्यात वजन, अक्षरं, अंक, हात धुणं यांना रकाने होते. हाती घेतलेलं काम मूल स्वतः तडीस नेतं का, याला नव्हता. मुलं कशानं यशस्वी होतात यावर आपण उदंड बोलतो, शिस्तीचे गोडवे गातो, आईला दोष देतो. मुलापाशी गप्प बसून थांबायला वेळ लागतो आणि या आईचा वेळ शिट्टीच्या ताब्यात आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी आपण तिलाच उपदेश करतो.

अहवालात 'अर्धा तास निष्क्रिय' असा शेरा पडला. ताईंची बदली धागे कापण्याच्या टेबलावर झाली. नवी मदतनीस अकरा मुलं सात मिनिटांत तयार करते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागला आहे. पहिला आठवडा मुंगीनं बटणं काढून पाहिली. आता ती हात पसरून उभी राहते.

"ताई, कोट समोर धरला तरी नुसती बघत बसते हो," एकदा तिची आई धागे कापण्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली.

"सुटीच्या दिवशी थांबून बघ जरा तिच्यापाशी."

"सुटीला ओव्हरटाइम लावलाय, ताई."

ताईंनी कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली.

या मुलीला सहा मिनिटं द्यायची होती. ती अद्याप कोणी दिलेली नाहीत.