सासू न्हवं, वाकळ हाय

बायकोबरोबरचं माझं शेवटचं काम म्हणजे तिला सुई ओवून देणं. जुन्या लुगड्यांची आमची वाकळ, पांघरायची गोधडी, ती सांधत होती. ती गेल्यावर वाकळीला तिचा वास राहिला, म्हणून मी ती कुणाला धुवू दिली नाही. दसरा जवळ आला तशी सून म्हणाली, "मामा, आता धुवा, न्हायतर टाकून देते."

मग पंचगंगेच्या घाटावर गेलो आणि वाकळ दगडावर आपटाय लागलो. शेजारी एक बाई धुणं धूत होती. नाव ठाऊक नाही, तोंड म्हणजे तोफखाना.

"ओ पावणं, वाकळ हाय ती, सासू न्हवं! टाकं तुटतील की!"

ओल्या मनगटानं नाक पुसत तिनं वाकळ हिसकून घेतली, तिच्या रिठ्याच्या पाण्यात बुडवली, पायानं हळू तुडवली आणि न पिळताच पायरीवर पसरली.

"बायकोचा वास गेला," मी म्हणालो.

"ती असती तर असल्या घाणीत निजू दिलं असतं व्हय तुम्हांस्नी?"

खरं होतं. तिनं वाकळीआधी मलाच धुतला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर वाकळीची घडी पहिल्यांदाच मी स्वतः घातली. वाकडी झाली. सून हसली. म्हटलं, "हसतीस काय? उद्या बघ."