दहा विरुद्ध एक

अंबादास मोहोळकर कधी फ्रान्सला गेला नव्हता, पण तिथल्या माँतारेल नावाच्या दोनशे वस्तीच्या गावात कुठली पायरी किती उंच आहे, हे त्याला तोंडपाठ होतं. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता आणि एका बिल्डरला वाळवंटात हुबेहूब तसंच गाव उभारायचं होतं. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

मोजमापं विचारायला अंबादासने गावाच्या मेयरला मेल केली. मेयर म्हणजे कुणी बडं प्रस्थ असणार, म्हणून पुण्याच्या महापालिकेत शोभावा असा ‘माननीय महोदय, सविनय विनंती’ छापाचा अर्ज इंग्रजीत लिहिला. उत्तर आलं, ‘मी मधमाश्या पाळतो. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ऑफिसात असतो. विचारा काय ते.’

मग अंबादास विचारतच सुटला. दोनशे माणसांवर अकरा जणांची कौन्सिल, त्यांनीच आपल्यातून निवडलेला मेयर आणि राज्यक्रांतीपासूनच्या ठरावांच्या वह्या कपाटात जपलेल्या. चर्चची घंटा लढाईत कुणी पुरून ठेवली, कपडे धुण्याचा दगडी घाट कुठल्या साली बांधला, हे विचारण्यात त्याची पावणेदोन वर्षं मजेत गेली.

आणि २००८ची मंदी आली. प्रोजेक्ट बंद पडलं, कंपनीला टाळं लागलं, मालक देश सोडून पसार झाला. फुजैऱ्याच्या बंदरात एका तेल टर्मिनलवर जागा निघाली होती, पण मागच्या कामाचा दाखला हवा होता, तोही शिक्क्यासकट. तो देणार कोण? व्हिसाचे एकोणीस दिवस उरले होते. ते संपले की सुलभाला आणि शाळेतल्या पर्णिकाला घेऊन देश सोडायचा.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणून त्याने आपले नकाशे जोडून मेयरलाच साकडं घातलं. मेयरने कळवलं, ‘एकट्याच्या सहीने गाव बोलत नाही. कौन्सिलपुढे ठेवतो.’

नवव्या दिवशी कुरियर आलं. ठरावाची दोन पानं, सोबत इंग्रजी भाषांतर. ‘श्री. मोहोळकर यांनी आमच्या गावाबद्दल एकशे बेचाळीस प्रश्न विचारले. त्यांचे नकाशे आम्ही गावात फिरून ताडून पाहिले. ते बरोबर आहेत.’ अंबादासचा ऊर भरून आला. मग त्याने पान उलटलं.

‘बाजूने दहा, विरोधात एक. विरोध मादाम बोने, निवृत्त शिक्षिका. कारण, श्री. मोहोळकर यांनी घाटाचे साल १८४६ लिहिले. ते १८५१ आहे. दोनदा सांगूनही त्यांनी सुधारले नाही.’ खाली भाषांतरकाराचं नाव होतं मादाम बोने.

“ही बाई माझ्या मुळावरच उठलीय!” अंबादास म्हणाला.

“अहो, मग नुसतं पहिलं पान दाखवा ना,” सुलभा म्हणाली.

“अगं, शिक्का दुसऱ्या पानावर आहे!”

फुजैऱ्याचा एचआर मॅनेजर खैरुद्दीन हैदराबादचा होता आणि खोटे दाखले पाहून पाहून विटलेला होता. त्याने पहिलं पान भराभर वाचलं. दुसऱ्यावर मात्र थांबला. 

“मियाँ,” खैरुद्दीन म्हणाला, “इस हफ्ते चालीस सर्टिफिकेट देखे. हर कागज में आदमी फरिश्ता! झूठा कागज बनानेवाला अपने ही खिलाफ वोट क्यों लिखेगा?” मग चष्म्यावरून पाहत म्हणाला, “मगर गलती दो बार बताई थी ना? यहाँ एक बार में दुरुस्त होनी चाहिए. यल्ला, संडे से जॉइन करो.”

बाहेर येऊन अंबादासने घरी फोन लावला. “अहो, बोला ना! झालं का काम?” सुलभा कासावीस होऊन विचारत होती. “झालं गं,” एवढंच तो म्हणाला आणि तिथेच कठड्यावर बसून लहान मुलासारखा रडला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला होता.

संध्याकाळी तो आभार मानायला बसला. अकरा जणांना पत्रं लिहायची होती. पहिलं त्याने मादाम बोनेंना लिहिलं, ‘१८५१. तुमचंच बरोबर होतं.’